कढीपत्त्याची कुंडी, लाल कांदा आणि बाकी बायोलॉजी: पोरांना शब्द घरच्या घरी कसे दाखवायचे

पोरांना व्याख्या पाठ असतात हो, प्रॉब्लेम तो नाहीच. परासरण म्हणजे काय विचारलं की धडाधड म्हणून दाखवतात, आणि मग विचारा की लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवलं की पातेल्यात खाली पाणी कुठून जमा होतं, तर एकमेकांकडे बघतात. मी इंदिरानगरला घरीच सातवी ते नववीच्या मुलांचं सायन्स घेते, बरेच पालक विचारतात की घरी काय करून घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आणि नाशकात राहून उदाहरणं शोधायला गाईडं कशाला उघडायची, इथे कांदा आहे, द्राक्ष आहे, मका आहे, गंगा (म्हणजे आपली गोदावरी) आहे, आणि कुठल्याही सोसायटीत एक तरी कढीपत्ता असतोच.

माझे नियम दोनच. एक म्हणजे वस्तू आधी, शब्द नंतर. मुलाने आधी बघायचं, हात लावायचा, स्वतःच्या भाषेत सांगायचं की काय झालं, आणि मग आपण म्हणायचं की याला पुस्तकात अमुक म्हणतात. उलट केलं की मूल फक्त शब्द जुळवत बसतं. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा आणि तो कोणी पाळत नाही: प्रत्येक उदाहरण कुठे मोडतं ते शोधायचं. म्हणजे कांद्याची पेशी दाखवली तर लगेच विचारायचं की यात काय दिसत नाहीये जे दुसऱ्या झाडात दिसेल? उदाहरण जिथे मोडतं तिथेच संकल्पना कळते, असा माझा अनुभव आहे.

सामान फार नाही लागत. एक भिंग, मोबाईलला लावायची क्लिप लेन्स (ऑनलाईन स्वस्तात मिळते), बेटाडीनची बाटली, मीठ, ड्रॉपर, ब्लेड (हे मोठ्यांच्याच हातात), आणि कोऱ्या पानांची वही. शाळेत मायक्रोस्कोप असेल तर उत्तमच, नसेल तर कागदाचा घडी करून बनवायचा फोल्डस्कोप मिळतो, तो साधारण १४० पट मोठं दाखवतो, घरच्या कामाला भरपूर झालं. वहीत फोटो चिकटवायचे नाहीत. फोटो काढा, झूम करून बघायला काढा, पण वहीत पेन्सिलने चित्रच. फोटो काढताना मूल बघत नाही, चित्र काढताना त्याला बघावंच लागतं की पानाच्या शिरा समोरासमोर निघतात का आळीपाळीने. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि जागा, मधे चित्र, खाली एकच वाक्य ज्यात "कारण" हा शब्द आलाच पाहिजे, आणि पुस्तकातला शब्द सगळ्यात शेवटी वर हेडिंगला लिहायचा.

कांद्यापासून सुरुवात करा

कांदा का, तर पेशी बघायला याच्याइतकं सोपं काहीच नाही. कांदा चिरताना एक जाड पाकळी घ्या, ती मोडा, आतल्या बाजूने एक पारदर्शक पापुद्रा सुटून येतो, तो नखाने ओढून काचेवर पाण्याच्या थेंबात पसरवा, सुरकुती पडू देऊ नका. वर पातळ केलेल्या बेटाडीनचा एक थेंब. भिंतीत विटा रचाव्यात तशा लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक पिवळसर-तपकिरी ठिपका, ते केंद्रक. विटांच्या मधली रेघ ती पेशीभित्तिका. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे बघितलं त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या, आपल्याला कांद्यात आतला माल पण दिसतो.

आता खरी मजा. आपल्याकडचा लाल कांदा घ्या आणि या वेळी पापुद्रा आतला नाही, पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा, रंगीत. हा थोडा कटकटीने निघतो, ब्लेडने हलकी रेघ मारून चिमट्याने ओढायचा. पेशी पूर्ण जांभळट-गुलाबी भरलेल्या दिसतील, तो रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या पिशवीतल्या, रसात असतो. आता काचेच्या एका कडेने घट्ट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिश्यू पेपरने पाणी ओढून घ्या आणि डोळा लावून बसा. पाचएक मिनिटांत रंगीत भाग आक्रसायला लागतो, कोपऱ्यातून सुटतो, आणि भित्तिका आहे तिथेच राहते, मधे रिकामी जागा! पेशीतलं पाणी बाहेर गेलं. कैरीच्या पातेल्यात साठणारं पाणी हेच. मग साधं पाणी सोडलं की रंग परत पसरतो, म्हणजे लगेच केलं तर, फार वेळ मिठात ठेवलं तर पेशी मरते आणि मग काही परत येत नाही. परासरण, पेशीपटल (आक्रसलेल्या भागाभोवतीचं पातळ आवरण), पेशीभित्तिका हे तिन्ही शब्द एकाच थेंबात झाले आणि पटल आणि भित्तिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाला आयुष्यभर सांगावं लागत नाही.

उलटी बाजू दाखवायला रात्री मूठभर बेदाणे पाण्यात टाका, सकाळी टम्म.

कांद्याचं उदाहरण मोडतं कुठे? हिरवा रंग नाही. कांदा जमिनीत, अंधारात वाढतो, त्याच्या पाकळीत हरितलवकं नसतात, आणि ज्या मुलाने फक्त कांदाच बघितलाय ते सगळ्या वनस्पती पेशींचं चित्र बिन-हिरवंच काढतं. त्यासाठी फिश टँकच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आणा, तिचं पान इतकं पातळ असतं की तसंच ठेवलं तरी चालतं, आत हिरवे दाणे दिसतात. दुसरं मोडणं म्हणजे बेटाडीन. बटाट्याच्या फोडीवर टाका, निळंकाळं होतं, कारण स्टार्च. कांद्यावर टाका, होत नाही, कारण कांदा अन्न साठवतो ते साखरेच्या रूपात, स्टार्च जवळपास नाहीच. म्हणून तर मंद आचेवर परतला की गोड लागतो. एकाच बाटलीने दोन भाज्यांचा फरक.

आणि कांद्याला देठाकडून बुडाकडे उभा कापून चित्र काढायला लावा. खालची ती टणक चकती, जिला आपण बुड म्हणतो, ते खोड आहे. पाकळ्या म्हणजे पानांचे फुगलेले भाग. मधे कोंब. कांदाचाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात कोंब धरतो तेव्हा बाहेरच्या पाकळ्या पिचकतात, ते साठवलेलं अन्न कोंब खातोय. शेतकऱ्याच्या पोराला विचारा, तो सांगेल की कधीकधी पिकात डेंगळे येतात, म्हणजे कांदा पोसायचा सोडून मधूनच फुलाचा दांडा वर येतो. कांदा मुळात द्विवर्षायू, पहिल्या हंगामात कांदा, दुसऱ्यात फूल आणि बी, थंडी-वातावरणाचा फेर झाला की तो घाई करतो. बियाण्याच्या प्लॉटवर पांढरे गोल डेंगळे फुललेले असतात आणि त्यावर मधमाश्या, परागीभवन दाखवायला यापेक्षा सोपी जागा नाही. फक्त नुकतीच फवारणी झालेली नाही ना ते मळ्यात विचारून जा.

कढीपत्त्यावरची अळी

हे माझं सगळ्यात आवडतं, जरा लांबण लागेल.

जूननंतर कढीपत्त्याची कोवळी पालवी रोज सकाळी भिंगातून बघा. लिंबाचं झाड असेल तर तेही. टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर गोल अंडं एकटंच चिकटवलेलं सापडतं, ते लाईम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉर्मन या फुलपाखराचं. ती मादी कोथिंबिरीवर किंवा तुळशीवर अंडी घालत नाही, कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले आणि तिच्या पिल्लांना तेच चालतं. काही दिवसांत त्यातून जी अळी निघते ती बघून बहुतेक लोक पान झटकतात, कारण ती हुबेहूब पक्ष्याची शिट दिसते, तपकिरी-काळी आणि मधे पांढरा ठसा. हाच तर मुद्दा. शिट कोण खाणार? मुलाला विचारा की पक्ष्याने हिला का नाही खाल्लं, ते स्वतःच उत्तर देतं, मग म्हणा याला मायावरण म्हणतात.

मोठी झाली की कात टाकत टाकत ती एकदम हिरवी होते, पानात मिसळून जाते, पुढच्या भागावर दोन खोटे डोळे. आता मऊ ब्रशने तिच्या मानेपाशी हलकं टोचा. डोक्यामागून केशरी-लाल रंगाची दोन टोकांची मऊ शिंगं फटकन बाहेर येतात आणि एक आंबूस उग्र वास येतो, आणि दुसऱ्या क्षणी आत! पोरं किंचाळतात. एकदाच करा हां, परत परत टोचून तिला दमवू नका. एकाच अळीकडे बचावाच्या तीन तऱ्हा झाल्या: आधी शिटेसारखं दिसणं, मग पानासारखं दिसणं, आणि तरीही कोणी आलंच तर वास.

घरी वाढवायची असेल तर प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला वरून जाळी, आत कढीपत्त्याची डहाळी छोट्या बाटलीत पाणी घालून उभी, बाटलीचं तोंड कापसाने बंद कारण अळ्या त्यात पडून बुडतात. पानं बाजारातली नको, त्यावर औषध असू शकतं. रोज शेण साफ करायचं (अळीची विष्ठा, काळे दाणे, एवढी छोटी पोर एवढं कसं करते हा प्रश्न येतोच, तेव्हा सांगा की खाल्लेल्यातलं बरंचसं पचत नाही). एके दिवशी ती खाणं सोडते, भटकते, काडीला शेपूट चिकटवते, पाठीमागून रेशमाचा एक धागा घालून स्वतःला बांधून घेते, आणि कोष. कोष कधी हिरवा कधी तपकिरी, आजूबाजूच्या पृष्ठभागाप्रमाणे. साधारण आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू, आणि ते पंख वाळवत बसतं तेव्हा हात लावायचा नाही.

कधी कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही, भोक पडतं आणि त्यातून बारीक बारीक गांधीलमाशीसारखे कीटक निघतात. पोरं रडवेली होतात पण हा धडा सोडू नका. त्या माशीने आधीच आत अंडी घातलेली होती, तिच्या पिल्लांनी आतून खाल्लं. डोक्यातली ऊ आपल्याला मारत नाही, हा कीटक यजमानाला संपवूनच बाहेर येतो, म्हणजे परजीवी या शब्दातही प्रकार आहेत.

रूपांतरणाचं उदाहरण मोडतं कुठे, तर झुरळात. नाकतोड्यातही. त्यांच्या पिल्लाला कोष नाही, पिल्लू म्हणजे बिनपंखाची छोटी आवृत्तीच, कात टाकत मोठं होतं. डास मात्र फुलपाखराच्या गटातला, अंडी-अळी-कोष-प्रौढ, कूलरच्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि स्वल्पविरामासारखे कोष दोन्ही दिसतात. बघून झालं की पाणी ओतून द्या, उगाच डेंग्यूचं प्रोजेक्ट नको.

मिसळीची मटकी

नाशिककराला मटकी काय सांगायची. पण फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आल्यावर गाठोड्याच्या मधोमध बोट घालायला सांगा. कोमट लागतं! गॅसवर ठेवलेली नाही, उन्हात नाही, मग ऊब कुठली? श्वसन. दाणे साठवलेलं अन्न जाळतायत. झाडं फक्त कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात हा जो गोड गैरसमज आठवी-नववीपर्यंत टिकतो तो इथे मोडतो, झाडसुद्धा चोवीस तास श्वसन करतं, उजेडात प्रकाशसंश्लेषण वरून चालू असतं इतकंच.

मग एक मोडाचा दाणा काचेच्या ग्लासात ओला टिश्यू आणि काच यांच्यामधे अडकवा, मोड खाली. दुसऱ्या दिवशी ग्लास आडवा करा. मुळाचं टोक एका दिवसात परत खाली वळतं. गुरुत्वानुवर्तन झालं.

मळ्यात गेलात तर

सोयाबीन किंवा हरभऱ्याचं एक रोप उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा आणि बादलीत मुळं धुवा. मुळांवर गाठी असतात. एक गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय, आतले रायझोबियम जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतायत आणि झाड त्यांना साखर देतंय, सहजीवन. पांढरट किंवा हिरवट असेल तर ती अजून सुरू नाही किंवा संपलेली. आता शेजारच्या टोमॅटोचं वाळत चाललेलं रोप काढा, त्याच्याही मुळांवर गाठी असू शकतात आणि पोरं लगेच ओरडतात सहजीवन! नाही. त्या सूत्रकृमीच्या, ज्याला शेतकरी निमॅटोड म्हणतात, तो शुद्ध परजीवी. फरक हाताने कळतो, सोयाबीनची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि चटकन सुटते, टोमॅटोत मूळच सुजलेलं असतं, गाठ सुटत नाही. दिसायला जवळपास सारखं आणि नातं एकदम उलटं.

मक्याचं कणीस सोलताना ते रेशमी केस फेकून देऊ नका. प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो, एक केस एक दाणा. वरच्या तुऱ्यातून परागकण वाऱ्याने उडतात, केसावर पडतात, तिथून आत नळी वाढत जाते आणि फलन होतं. कणसात मधेच दाणे गायब असतात ना, बऱ्याचदा त्या केसावर पराग पोचलेलाच नसतो. भाजलेलं कणीस खाताना रिकाम्या जागा बोटाने दाखवा, परागीभवन आणि फलन या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हे खाता खाता होतं.

द्राक्षावर मी जरा भांडते. थॉमसन सीडलेस द्राक्ष दिलं की पुस्तकी उत्तर तयार असतं की फलन न होता फळ तयार झालं. पण मणी आडवा कापून भिंगातून बघा, मधे दोन-तीन मऊ फिकट कण दिसतात, ती अर्धवट राहिलेली बीजं. थॉमसनमध्ये फलन होतं, बी वाढायला लागतं आणि मधेच थांबतं. फलनाशिवाय फळ हवं असेल तर केळं घ्या. बी नाही म्हणून मणी छोटा राहतो, कारण बियांमधून मिळणारी वाढीची संप्रेरकं कमी पडतात, म्हणून बागायतदार घड जीएच्या द्रावणात बुडवतात, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. संप्रेरक या शब्दाला निफाड-दिंडोरीच्या मुलापुढे याहून जवळचं उदाहरण नाही.

तिथेच कलम. बहुतेक बागांत खाली डॉगरीज नावाच्या वेलीची मुळं आणि वर थॉमसन किंवा दुसरी व्हरायटी, आधी रूटस्टॉक, म्हणजे ही मुळांची वेल, लावतात, मग त्यावर कलम भरतात. खोडावर जोडाची गाठ दाखवा आणि विचारा की द्राक्ष कुणासारखं येणार, खालच्यासारखं का वरच्यासारखं? वरच्यासारखं. आणि शाकीय प्रजननाने वाढवलेल्या बागेतल्या सगळ्या वेली आनुवंशिकदृष्ट्या जवळपास एकच, म्हणून रोग आला की सगळ्यांना सारखाच झोंबतो. भुरी आणि डाउनी या द्राक्षाच्या दोन्ही रोगांना लोक बुरशीच म्हणतात, त्यातली भुरी खरी बुरशी, डाउनीचा जीव बुरशीसारखा दिसत असला तरी वर्गीकरणात वेगळ्या गटात जातो, नववीच्या हुशार मुलाला एवढं सांगून ठेवायला हरकत नाही.

जुन्या चुकीच्या जोड्या

काही उदाहरणं पिढ्यानपिढ्या चालत आलीयत ती आधी दुरुस्त करा.

बटाटा आणि रताळं दोन्ही "मूळ" म्हणून ढकलतात. बटाट्याला डोळे असतात, डोळा म्हणजे कळी, कळ्या खोडाला येतात, म्हणून बटाटा खोड. रताळं खरंच मूळ. आलं-हळद खोड.

काटे. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेतून येतो, तो खोडाचं रूपांतर. निवडुंगाचा काटा पानाचं. गुलाबाचा काटा बाजूला दाबला की सालीसकट निघतो, तो नुसता सालीवरचा उंचवटा. तिन्ही एका पानावर शेजारी शेजारी काढायला लावा. बोगनवेल हातात आहेच तर तिचा गुलाबी भाग पाकळी नाही हेही दाखवा, मधली बारीक पांढरट नळी ते फूल.

अमरवेल आणि बांडगूळ. बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पडतं ती अमरवेल, पानं नाहीत, सगळं अन्न दुसऱ्याचं, पूर्ण परजीवी. आंब्यावरच्या बांडगुळाची पानं बघा, हिरवीगार. ते पाणी आणि क्षार चोरतं, अन्न स्वतः करतं, अर्धपरजीवी.

सरडा लपायला रंग बदलतो, असं पाठ असतं. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचा नर विणीच्या काळात डोकं-गळा लालभडक करतो आणि वर दंड-बैठका काढतो, म्हणजे लपत नाहीये, मिरवतोय. आणि तो रक्त पीत नाही हे पण सांगा, पोरं दगड मारतात बिचाऱ्याला.

मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल, याला फूल समजणारे मोठे लोक पण आहेत. ते शैवाल आणि बुरशी यांचं एकत्र बिऱ्हाड, शैवाल अन्न करतं, बुरशी आधार आणि ओल देते. भिजवून भिंगातून वरची करडी आणि खालची काळपट बाजू बघा.

गंगेवर आणि जरा लांब

पंचवटीत सीता गुंफेपाशी वड आहेतच, पारंब्या बघायला तिथे जा, खोडातून निघून जमिनीत शिरतात आणि नंतर खांब होतात, ती आगंतुक मुळं. तिथून बुधवार असेल तर घाटावरच्या बाजारात भाज्या बघत फिरा, फळ कुठलं, खोड कुठलं, पान कुठलं, फुलाची कळी कुठली हा खेळ (फ्लॉवर पाशी सगळे अडकतात).

नदीत जलपर्णी दिसली तर एक रोप काठावरूनच ओढून घ्या. देठ फुगलेला असतो, आडवा कापा, आत स्पंजासारखी हवेची दालनं. पाण्याखाली धरून दाबला की बुडबुडे. वायुऊती. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, इथे तिला खाऊन आटोक्यात ठेवणारे तिचे शत्रू फारसे नाहीत आणि पाण्यात सांडपाण्याचं खत भरपूर, म्हणून माजते. हात मात्र साबणाने धुवा.

दत्ताच्या देवळाबाहेरचं उंबर. पिकलेलं फळ फोडलं की कीडे म्हणून लोक फेकतात. ते फळ म्हणजे आतून बाहेर उलटा केलेला फुलांचा गुच्छ, शेकडो फुलं आत. टोकाच्या बारीक भोकातून इवलीशी माशी आत शिरते, शिरताना बऱ्याचदा तिचे पंख तुटतात, ती काही फुलांत अंडी घालते आणि काहींवर पराग टाकते. पुढच्या पिढीचे नर बाहेर पडायला भोक पाडतात, माद्या पराग घेऊन उडतात. ती माशी नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर माशी नाही. कच्चं, अर्धवट पिकलेलं आणि पिकलेलं अशी तीन फळं कापून क्रमाने ठेवा, आत काय काय सापडतं ते काढा.

अन्नसाखळीसाठी गवत-हरीण-वाघ नको हो, आपण कुठे हरणं बघतो. निफाडकडे उसात बिबट्या असतो हे इथलं पोरगं पेपरात वाचून वाढतं. शेतातला दाणा, उंदीर, साप. मका-ऊस, रानडुक्कर, बिबट्या. कुत्रा, बिबट्या, पण कुत्रा काय खातो, तर आपलं उष्टं, म्हणजे साखळीत आपण आलो. चार साखळ्या काढल्या की एकमेकींना कापतात आणि अन्नजाळं आपोआप होतं. बिबटे उंदरांपेक्षा इतके कमी का, तर खालच्या पायरीवरची साधारण १० टक्केच ऊर्जा वर पोचते, रेमंड लिंडमनने १९४२ मध्ये मांडलेला हिशोब. विघटक विसरू नका, कंपोस्टच्या बादलीतली बुरशी आणि अळ्या रोजच्या आहेत.

थंडीत एक रविवार नांदूर मध्यमेश्वरला काढाच. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा, मागे पसरलेलं उथळ पाणी, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पक्ष्यांची नावं पाठ करायला जाऊ नका, चोची बघायला जा. चमच्या चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चालतो, काही लागलं की मिटतो. बगळा हलतच नाही आणि मग एकदम भाल्यासारखी मान मारतो. शेकाट्याचे पाय लाल काड्या, बारीक चोचीने वरवरचं टिपतो. जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी पाणवनस्पतींवर चालते. पाणी एकच, प्रत्येकाचं ताट वेगळं. अधिवास, अनुकूलन, परिसंस्था तिन्ही शब्द तिथे बसून वहीत लिहा, घरी येऊन नाही.

कधी काय

जून ते सप्टेंबर अळ्या, बेडकांची पिल्लं, सोयाबीनच्या गाठी, दगडफूल. ऑक्टोबरच्या आसपास मका आणि द्राक्षाची छाटणी. डिसेंबर-जानेवारी नांदूर आणि हरभरा, हरभऱ्याच्या पानाला हात लावून जीभ लावा, आंबट, पानावरचे केस आम्ल सोडतात. फेब्रुवारी-मार्च द्राक्षाचे मणी आणि कांद्याचे डेंगळे. एप्रिल-मे कैरीचं मीठ-पाणी, आणि सकाळी उन्हातल्या फांदीला पारदर्शक प्लास्टिक पिशवी बांधून दुपारी उघडायची, आत पाणी, बाष्पोच्छ्वास, दुसरी पिशवी पानं काढलेल्या फांदीला बांधा नाहीतर तुलनाच नाही. रुईचा चीक, शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, या दोन झाडांना मुलांनी एकट्याने हात लावायचा नाही. आणि परीक्षेत उत्तर लिहिताना आधी पुस्तकातलं उदाहरण, मग आपलं, कारणासकट, तपासणारे सर कुठले असतील सांगता येत नाही.